गाभा काढलेलं मूळ

परत आल्यापासून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला एकच प्रश्न विचारला जातो: नायगरा पाहिला का? नाही पाहिला. मग तो मशाल धरलेला पुतळा? तोही नाही. "मग सहा आठवडे अमेरिकेत जाऊन केलं काय मॅडम?" असं आमच्या लॅबमधल्या मामांनीसुद्धा विचारलं. खरं उत्तर असं की मी भांडले. मिशिगनपासून जॉर्जियापर्यंत गेले आणि भांडून आले. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरायच्या आत हे लिहून काढायचं ठरवलं आहे. राग उतरला की माणूस समजूतदार होतो आणि समजूतदार माणसं गप्प बसतात.

मी मंगरूळपीरची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. बारावीनंतर अकोल्याला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा राहायचं कुठे, यावर सगळं अडलं. वडिलांच्या ओळखीचे एक मास्तर होते, त्यांच्या पत्नी विमलकाकू म्हणाल्या, "आमच्याकडे राहील ते." त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे. पदवी होईपर्यंत मी त्यांच्या घरची मुलगी होते. आज मी गावच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

काकू प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्यांचा आवाज असा, की त्या वर्गात "माझ्यामागे म्हणा" म्हणाल्या की पलीकडच्या वर्गातली मुलंसुद्धा आपली पुस्तकं सोडून त्यांच्यामागे पाढे म्हणायला लागत. मास्तर गेल्यावर काकू मुलाकडे, निखिलकडे, मिशिगनमधल्या ट्रॉयला गेल्या. तिथे त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशन झालं. आजार गेला, पण त्या किरणांनी लाळेच्या ग्रंथीही भाजून निघाल्या. तोंड कायमचं कोरडं. निखिलचा फोन आला, "ताई, आई जेवत नाही गं. काहीच नाही. तू येशील?"

मी साठवलेली रजा काढली.

ट्रॉय

विमानतळावर काकूंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "माय, किती वाळली तू!" शब्द त्यांचेच होते. आवाज कागदावर कागद घासल्यासारखा. एक वाक्य झालं की हातातल्या बाटलीतून एक घोट, मग दुसरं वाक्य.

ट्रॉयमधली घरं एकमेकांपासून इतकी लांब आहेत, की शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. सगळ्यांच्या अंगणात सारखंच कापलेलं गवत. निखिल गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, त्याची बायको रश्मी बँकेत. दोघंही मनापासून करत होते. फ्रिज सूप, स्मूदी, दह्यानं भरलेला. पण काकूंना लागायची पोळी, आणि पोळीचा घास तोंडात गोळा होऊन बसायचा. "भुसा खाल्ल्यासारखं लागते," त्या म्हणायच्या, आणि ताट हळूच बाजूला करायच्या. मी आल्यावर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून दिल्या. थोड्या गेल्या. मी त्यालाच विजय मानला.

गणपती जवळ आले होते. तिथल्या मराठी मंडळात दरवर्षी उकडीच्या मोदकांचा सराव करायला बायका एकत्र जमतात. मला ती पद्धत फार आवडली. पुणं, मुंबई, नागपूर, सगळीकडच्या बायका एका टेबलाभोवती, आणि कोणाच्या पाऱ्या फाटतात यावर मनसोक्त चेष्टा. "अगं, तुझा मोदक आहे की डम्पलिंग?" "नागपूरकरांना पुरणपोळी येते ना, मग बास झालं!" तिथेच पहिल्यांदा त्या मुळाचा विषय निघाला.

"काकूंना मिलिंद सरांच्या फार्मवर न्या," एकजण म्हणाली. "जॉर्जियात आहे. ते एक कोरियन मूळ देतात, ड्राय माउथवर एकदम बेस्ट. ॲक्चुअली आपली शतावरीच आहे ती."

"हो, सेम फॅमिली," दुसरी म्हणाली. "मी पण पावडर मागवलीय."

मी म्हटलं, कुळ एक असलं म्हणून वनस्पती एक होत नाही. वांगं आणि तंबाखू एकाच कुळातली आहेत, म्हणून आपण तंबाखूचं भरीत करत नाही. सगळ्या हसल्या. पण टेबलाच्या टोकाला एक निवृत्त डॉक्टर मावशी बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे गेले, कारण त्या काय म्हणतील ते शेवटचं. मावशी मोदकाला कळी पाडत म्हणाल्या, "हर्बल आहे ना? मग हार्म काहीच नाही गं."

जन्मभर औषधं लिहून दिलेल्या बाईंनी एवढंच वाक्य बोलावं! ते मूळ कोणतं, काकू कोणत्या गोळ्या घेतात, तो माणूस नक्की सांगतो काय, यातलं काहीही न विचारता. त्या वाक्यावर निखिलनं लाँग वीकेंडची ट्रिप ठरवली: तो, काकू आणि मी; रश्मी घरीच राहणार होती. काकूंचा पुढचा स्कॅन त्यानंतरच्या आठवड्यात होता.

केंटकी, टेनेसी

मिशिगनमधून निघणारा एकच मोठा रस्ता थेट जॉर्जियापर्यंत जातो. वळायचं कुठे नाही, विचारायचं कोणाला नाही. ओहायोत नुसती मक्याची शेतं, आणि एवढ्या शेतात एक माणूस दिसेल तर शपथ. केंटकीत टेकड्या सुरू झाल्या, हिरव्या आणि गोल, आणि काकू खिडकीला नाक लावून बसल्या.

मी ताकाची बाटली बरोबर घेतली होती. उन्हात गाडी उभी राहिली, ताक आंबलं, आणि केंटकीच्या हद्दीत बूच उडालं. निखिलच्या गाडीचं छत, सीट, त्याची कॉलर, सगळीकडे ताक.

"ताई, धिस इज लेदर यार!"

"मग काय झालं? कातड्याले ताक चांगलं असते," काकू म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा पहिला विनोद. निखिलसुद्धा हसला.

ट्रक थांबतात अशा एका विश्रांतीच्या जागी काकू बाकावर बसून बाटलीतून घोट घेत होत्या. एक धिप्पाड ट्रकवाली बाई बघत होती. ती उठून आली आणि काकूंच्या हातात आंबट, बिनसाखरेच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं. "माझ्या वडिलांचंही रेडिएशन झालं होतं," ती निखिलला म्हणाली. "एक गालात ठेवायची. बरं होत नाही, पण रस्ता कापला जातो." आणि गेली. नाव सांगितलं नाही, आमचं विचारलं नाही. पुढे जे पाहिलं त्यामुळे ही बाई मला फार आठवते.

रात्री मोटेलमध्ये काकूंना एक लाडकी वस्तू सापडली: बर्फाचं यंत्र. बटण दाबलं की खडखड करत बादलीभर बर्फ. बर्फाचा खडा तोंडात धरून त्या म्हणाल्या, "अमेरिकेत मले हेच आवडलं. निखिल्याले सांगू नको."

टेनेसीत पेट्रोल भरायला थांबलो तिथे, टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राशेजारी, सिमेंटच्या कडेनं एक झाड ओळीनं लावलेलं होतं. पट्ट्यासारखी गडद पानं, मध्ये जांभळ्या फुलांचे उभे तुरे. मी सवयीनं खाली बसले, माती बोटानं उकरली. बारीक मुळं आणि त्यांच्या टोकाकडे गव्हाच्या दाण्याहून मोठे, फिकट फुगीर कंद. पुढे दर पेट्रोल पंपावर, दर दुकानासमोर, दर पार्किंगच्या कडेला तेच. दक्षिणेत हे कुंपणाचं गवत आहे. कुत्रीही त्यावर तंगडी वर करतात.

शेतावर

त्या शेताचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर जाहिरातच होईल.

जागा सुंदर होती, हे कबूल करते. डोंगराच्या उतारावर लाकडी घर, लाल माती, आणि ओळीच्या ओळी जांभळ्या तुऱ्यांच्या. तेच झाड! हवा भरायच्या यंत्राशेजारचं.

मिलिंद सर मूळचे पुण्याचे, पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये. खादीचा कुर्ता, अतिशय मऊ बोलणं. ओसरीवर वीस-पंचवीस माणसं गोल करून बसली होती, बहुतेक आपलीच. तांब्याच्या भांड्यांतून गरम काढा आला. काकूंनी घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि त्यांचा चेहरा जरा सैल पडला. "बुळबुळीत हाय," त्या म्हणाल्या. "बरं वाटते."

शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं फोन समोर धरला. "आजी, परत एकदा म्हणा ना!"

"बरं वाटते," काकू शहाण्या मुलासारख्या पुन्हा म्हणाल्या.

तो काढा खराब होता असं मी म्हणत नाही. चिकट मूळ आहे, घशाला ओलावा देणारच. तिथे थांबले असते तर मी आज हे लिहिलं नसतं. पण सर पुढे बोलले.

"काकू, रेडिएशनची उष्णता शरीरात साठून राहते. हे मूळ ती उष्णता ओढून घेतं. पण तुम्ही पुन्हा मशीनमध्ये गेलात की पुन्हा उष्णता. मुळाला काम करू द्यायचं. वर्षभर मशीनपासून लांब राहायचं."

"म्हणजे स्कॅन..." निखिल म्हणाला.

"मी डॉक्टर नाही, मी कोणाला काही सांगत नाही," सर हसले. "पण तुमचं शरीर काय सांगतंय ते ऐका."

काकूंनी मान हलवली. निखिलनंही मान हलवली, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं मला स्पष्ट दिसलं. ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

मी उभी राहिले. "हे मूळ कोणतं?"

"कोरियन शतावरी. हिमालयातून फार प्राचीन काळी तिकडे गेली. अत्यंत दुर्मीळ."

"दुर्मीळ? टेनेसीत पेट्रोल पंपावर हवा भरायच्या यंत्राशेजारी लावलंय हे! आणि शतावरी नाही ही. शतावरीला काटे असतात. पानं सुईसारखी असतात. दोन्हींत फरक करायला आमचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा चुकणार नाही."

"ताई शिकवतात वाटतं," सर शांतपणे म्हणाले. "कुठे?"

"मंगरूळपीरला."

"हे कुठे आलं?" कोणीतरी मागून विचारलं, आणि दोन-तीन जण हसले. सरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, जणू माझ्यावर उपकार केले. "ताई, पुस्तकी ज्ञान चांगलंच असतं. पण थोडा राग सोडा. रागानंही शरीर कोरडं पडतं."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हणाले, या बाईंनी मला शिकवलं म्हणून मी इथे उभी राहून बोलू शकते, आणि तुम्ही या बाईंना मरायचा रस्ता दाखवताय.  एक बाई दुसरीला म्हणाली, "किती निगेटिव्ह एनर्जी!" मी काकूंचा हात धरला. काकूंना उठायचं नव्हतं. त्यांनी तांब्याचं भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"सुनंदे, बस खाली," त्या हलकेच म्हणाल्या. "लोक पाहून राहिले."

मी बसले नाही. शेवटी निखिल उठला आणि गाडी काढली. निघताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

 गाडीत निखिल समोर बघत म्हणाला, "तुला काय जातं ताई? तू परत जाणार. प्रत्येक स्कॅनच्या आधी मी वेटिंग रूममध्ये बसतो. रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न जात नाही. कोणीतरी म्हणालं, नको करू, तर मला पाच मिनिटं बरं वाटलं. पाच मिनिटंसुद्धा नाही दिलीस तू."

 निखिलवरचा राग तिथेच निम्मा झाला. तो निम्माही मी त्या कुर्त्याच्या खात्यात टाकला. घाबरलेल्या मुलाला नेमकं काय ऐकायचं आहे, हे त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं.

अटलांटाच्या जवळ

इतक्या उशिरा मिशिगनचा रस्ता धरणं शक्य नव्हतं. अटलांटाच्या अलीकडे एका गावात मोटेल घेतलं. आजूबाजूच्या सगळ्या पाट्या कोरियन, बेकरी कोरियन, बँकही कोरियन. काउंटरवरच्या गुजराती मालकांनी काकूंची बाटली पाहिली आणि म्हणाले, "माँजींना समोरच्या खानावळीत न्या. भाताची पेज मिळते."

त्या पेजेला 'जुक' म्हणतात. तांदूळ इतका शिजवलेला की दाणा उरत नाही, वर तिळाचं तेल आणि भोपळ्याचे तुकडे. काकूंनी एक चमचा घेतला. मग दुसरा. मग वाडगा जवळ ओढला. आम्ही दोघं आपापलं खाणं विसरून त्यांच्याकडे बघत राहिलो. वाडगा रिकामा झाल्यावर त्या म्हणाल्या, "कण्याच हायेत ह्या. फक्त तांदळाच्या."

खानावळीला लागून एक छोटा दवाखाना होता. काचेत बरण्या मांडलेल्या, आणि एका बरणीत तेच फिकट, आकसलेले कंद. माझा राग जागा होता, त्याला जागा हवी होती. मी सरळ आत गेले. निखिल मागून "ताई, प्लीज, नॉट अगेन" म्हणत आला.

आतल्या बाईंचं नाव यून. साठीच्या आसपास, पायात धावायचे बूट, चष्मा कपाळावर. कोरियन वैद्यकाचं रीतसर शिक्षण झालेल्या, तसं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. मी बरणीकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "हे पार्किंगमध्ये लावतात तेच ना?"

"तेच," यूनबाई म्हणाल्या. "आम्ही मेंगमुनदोंग म्हणतो. जातीत थोडा फरक, पण तेच. पार्किंगमधलं खाऊ नका. त्यावर फवारणी करतात. आणि कुत्री."

मी जरा गडबडले. माझी खोटं ऐकायची तयारी होती.

"यानं कॅन्सर जातो?"

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मला शाळा आठवली. "कोण म्हणालं? कोरडा खोकला, कोरडा घसा, यासाठी आहे हे. ओलावा देतं. बस्स." मग त्यांची नजर काकूंच्या बाटलीवर गेली. जीभ पाहिली, नाडी पाहिली, कोणत्या गोळ्या घेता ते विचारलं. नंतर विचारलं, "पुढचा स्कॅन कधी आहे?"

निखिल पुटपुटला, "पुढच्या आठवड्यात. पण आम्ही कॅन्सल करायचा विचार..."

यूनबाईंनी बरणी उचलली आणि मागच्या फळीवर ठेवली. "मग मी देणार नाही."

"आम्ही फक्त चहासाठी..."

"स्कॅन करा. तुमच्या डॉक्टरांना विचारा, हे घेतलं तर चालेल का. ते हो म्हणाले की मला फोन करा, मी पोस्टानं पाठवीन. ते नाही म्हणाले तर नाही. माझ्याकडे येणारे लोक मला जिवंत हवे आहेत. मेलेला माणूस चहा पीत नाही."

माझ्या अमेरिकेतल्या दिवसांतला सगळ्यात सुखाचा क्षण तोच. कोणीतरी माझ्याइतकंच चिडलेलं होतं!

कोपऱ्यातल्या टेबलावर यूनबाईंची आई बसली होती, नव्वदीकडे झुकलेली. समोर कोमट पाण्याच्या भांड्यात भिजून फुगलेले कंद. ती एक-एक कंद घ्यायची, अंगठ्याच्या नखानं चिरायची, आणि आतून दोऱ्यासारखी बारीक तार ओढून काढायची. कंद एका वाटीत, तार दुसऱ्या वाटीत.

"हे काय काढतात?" काकूंनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"गाभा," यूनबाई म्हणाल्या. "आमच्यात जुनी पद्धत आहे. गाभा ठेवला तर मनाला त्रास होतो म्हणतात. माणूस बेचैन होतो, चिडतो. हल्ली बरेच लोक काढत नाहीत. यंत्रात सगळंच दळतात. माझ्या आईला चालत नाही."

वनस्पतिशास्त्राच्या भाषेत तो मुळातला पाणी वाहून नेणारा भाग. त्यानं कोणी चिडतं याला माझ्याकडे काही पुरावा नाही, आणि तसं मी सांगणार होते. पण काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हिनं शेतावरचा काढा घेतला होता, त्याच्यात गाभा होता वाटते!" निखिलनं ते यूनबाईंना सांगितलं, यूनबाईंनी आईला, आणि ती म्हातारी तोंडाचं बोळकं पसरून इतकी हसली की तिच्या हातातला कंद पाण्यात पडला. मग तिनं शेजारची खुर्ची काकूंकडे सरकवली.

काकू बसल्या. दोघी म्हाताऱ्या, एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता. काकूंचा पहिला कंद फाटला, दुसऱ्याची तार मध्येच तुटली. म्हातारीनं त्यांच्या हातावर चापट मारली, पुन्हा दाखवलं. तिसऱ्याची तार सबंध बाहेर आली. काकूंनी ती उजेडाकडे धरली. "चिंचोक्याची साल काढण्यापेक्षा सोपं हाय," त्या म्हणाल्या. मोटेलकडे चालत जाताना त्यांनी निखिलला विचारलं, "वेळ किती वाजताची हाय बा, त्या स्कॅनची?"

पुन्हा ट्रॉय

स्कॅन झाला. वेटिंग रूममध्ये मी निखिलच्या शेजारी बसले होते. त्यानं खरंच काही खाल्लं नाही. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी त्या मुळाची चौकशी केली, काकूंच्या गोळ्यांशी ताडून पाहिलं, आणि बेतानं घ्यायला हरकत नाही असं सांगितलं. यूनबाईंना फोन केला. आठवड्याभरात पोस्टानं पाकीट आलं. कंद अख्खे, गाभ्यासकट. बरोबर निरोप: भिजवा, गाभा तुम्हीच काढा.

पाकीट आलं त्या दिवशी आनंदाच्या भरात निखिलनं मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "आईचा स्कॅन क्लिअर!" फुलं, हात जोडलेली चित्रं, सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिजवलेल्या कंदांचा गाभा काढत बसलो होतो, आणि निखिलचा फोन वाजला. ग्रुपवरची बातमी कोणीतरी शेतापर्यंत पोचवली होती, आणि तिकडचा एक व्हिडिओ ग्रुपवर आला होता. त्या शेताच्या ओसरीवर काकू. हातात तांब्याचं भांडं. "बरं वाटते." खाली लिहिलेलं: कॅन्सरमधून बाहेर आलेल्या आजी, मशीनला नाही म्हणाल्या, मुळावर विश्वास ठेवला, आणि आता रिपोर्ट क्लीन.

ज्या माणसानं हा स्कॅन करू नका म्हणून सांगितलं, तोच या स्कॅनचा रिपोर्ट मिरवत होता! आणि खाली आपल्या लोकांच्या रांगा. "वॉव." "आम्हाला पण जायचंय." एका बाईनं लिहिलं होतं, "माझ्या सासूबाईंचा पुढच्या महिन्यात स्कॅन आहे, पोस्टपोन करावा का?" तिला त्या निवृत्त डॉक्टर मावशी तरी काही म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली. मावशींनी हात जोडलेलं चित्र टाकलं.

मी उठून उभी राहिले. "निखिल, दे तो फोन. मी लिहिते."

"थांब," काकू म्हणाल्या.

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पूर्ण पाहिला. मग त्या सासूबाईंबद्दलचं वाक्य निखिलकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी राग पाहिला नव्हता. मी त्यांच्या घरात काचेची बरणी फोडली होती, तेव्हाही नाही. त्यांनी सोललेले कंद पातेल्यात टाकले. मग भांड्यातून एक अख्खा कंद उचलला.

"त्याचा गाभा राहिलाय," मी म्हटलं.

"ठाऊक हाय," काकू म्हणाल्या आणि तो तसाच पातेल्यात टाकला. "आज मले चिडाचं हाय."

चहा उकळला. त्यांनी भरलेला पेला घेतला, सावकाश तीन घोट घेतले, खुर्चीत ताठ बसल्या. "निखिल, ते आवाजाचं बटण दाब."

निखिलनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग फोन आईच्या तोंडासमोर धरला आणि बटण दाबलं.

"मी विमल, निखिलची आई," काकू बोलू लागल्या. आवाज घासलेलाच होता, पण वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा लावलेला. "व्हिडिओतली बाई मीच हाय. त्या भाऊंनी मले स्कॅन करू नका म्हटलं होतं. मी मान हलवली होती. माझी पोरगी सुनंदा भांडली, म्हणून मी स्कॅन केला. रिपोर्ट त्या स्कॅनचा हाय, मुळाचा नाही. मूळ चांगलं हाय, त्यानं घसा ओला होते, आत्ताही मी तेच पिऊन राहिली. तेवढंच त्याचं काम. ज्या बाईनं सासूचं विचारलं, तिच्यासाठी सांगते." त्या थांबल्या. एक घोट घेतला. "सगळ्यांनी माझ्यामागे म्हणा. तपासणी चुकवायची नाही."

फोनचं बटण अजून दाबलेलंच होतं. स्वयंपाकघरात निखिल आणि मी, दोघांनीही मोठ्यांदा म्हटलं.